तुम्ही दुकान का लपवताय?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ३१ वर्षांचे, राहायला डोंबिवलीत. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. गेली आठ वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोनच्या आतल्या सर्किट बोर्डाचं काम करतात. तीन वर्षांपासून त्यांचं हिंदीत यूट्यूब चॅनेल आहे, साडेअकरा हजार सबस्क्रायबर. आपण दुकानात काम करतो हे चॅनेलवर कुठेही सांगितलेलं नाही, कारण ‘लोक मोबाइलवाला म्हणतील, एक्स्पर्ट म्हणणार नाहीत’. एका मराठी वृत्तवाहिनीने दोनदा चर्चेला बोलावलं. दुसऱ्या वेळी विषय निघाला उपग्रहाचा. काहीबाही बोलून वेळ मारून नेली, पण पडद्यावर नावाखालच्या पट्टीवर ‘तंत्रज्ञान तज्ज्ञ’ आलं. आता एका एजन्सीचं बोलावणं आलंय: नवा फोन कायमचा ठेवून घ्या, चार व्हिडिओ करा, प्रत्येकी चाळीस हजार. स्क्रिप्ट आधी दाखवायची, आणि ‘जाहिरात’ असं न लिहिता नुसते आभार मानायचे. घराचा हप्ता २३ हजार, मुलगी सव्वा वर्षाची, पत्नी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. त्यांना विचारायचंय: नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडू का? एजन्सीचं काम घेऊ का? हिंदी की मराठी? आणि ‘लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा असा टेक एक्स्पर्ट’ व्हायला काय लागतं? पत्नीचं म्हणणं सोपं आहे: ‘आईला जो फोन घेऊन देशील तोच लोकांना सांग, संपलं.’

नमस्कार,

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यात कॅमेरा, लाइट, माइक आणि मागच्या भिंतीचा रंग यावर जवळजवळ एक पान खर्ची पडलंय. दुकानावर चार ओळी. त्यातली एक मी दोनदा वाचली: पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी दुकानात भिजलेल्या फोनची रांग लागते, निम्मे फोन तांदळाच्या डब्यातून काढून आणलेले असतात, आणि गेल्या वर्षी एका फोनच्या चार्जिंगच्या भोकात अडकलेला दाणा तुम्ही चिमट्याने काढलात.

तुम्ही पाठवलेले सहा-सात व्हिडिओ मी पाहिले. त्यात हा दाणा कुठेच नाही. त्यात खोक्यावरचं प्लास्टिक सोलल्याचा आवाज आहे, मेगापिक्सेल आहेत, आणि कंपनीच्या पानावर जे छापलेलं असतं तेच सगळं तुमच्या आवाजात आहे. आवाज चांगला आहे, खोटं कशाला सांगू. पण हेच वाचून दाखवणारी मंडळी देशात हजारोंनी असतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना फोन तुमच्या आधी आठवडाभर मिळतो. त्या शर्यतीत तुम्ही कितीही धावलात तरी कंपनी ज्याला आधी फोन देईल तोच पुढे. म्हणजे तुमची जागा कोण ठरवतो, तर कंपनीचा जनसंपर्क विभाग.

आता तो दाणा. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. पीठ आणि कण मात्र आत सोडतो. खरं नुकसान पाण्यापेक्षा चालू असलेल्या विजेने होतं. बोर्डावर ओल, त्यात पाण्यातले क्षार आणि बॅटरीचा दाब, की तांबं हिरवं पडायला लागतं. तेव्हा फोन लगेच बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हापुन्हा चालू करायचा नाही, आणि डब्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा उघडून साफ करून घ्यायचा. खोक्यावर आयपी ६८, म्हणजे पाणी-धूळ आत जाणार नाही असा दर्जा, लिहिलेलं असलं तरी ती चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर गोड्या पाण्यात, नव्या फोनवर झालेली असते. गिरगाव चौपाटीचं खारं पाणी त्यात धरलेलं नसतं, आणि तीन वर्षांत सैल झालेला गोंदही. शिवाय वॉरंटीच्या कागदात पाण्याचं नुकसान बहुतेक कंपन्या वगळतातच. हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. मी ते तुमच्यासारख्याच एका कारागिराकडून शिकले. प्रश्न एवढाच, की जूनच्या पहिल्या आठवड्यात कुर्ल्याला गुडघाभर पाण्यातून घरी आलेल्या माणसाला हे सांगायचं कोणी?

‘मोबाइलवाला म्हणतील.’ म्हणू देत की. शोरूममध्ये शिरताना आपण सेल्समनचं ऐकून घेतो, पण गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी फोन करतो तो गॅरेजवाल्याला. अमेरिकेत वॉल्ट मॉसबर्ग यांनी १९९१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये सामान्य माणसासाठी तंत्रज्ञानाचं सदर सुरू केलं आणि पुढे या क्षेत्रातलं सर्वांत वजनदार नाव झालं, तेव्हा ते काही इंजिनिअर नव्हते, आधीची वर्षं संरक्षण आणि परराष्ट्र खात्याच्या बातम्या देण्यात गेली होती. त्यांनी बाजू घेतली ती यंत्र वापरताना अडणाऱ्याची, आणि कोणाकडून काय घेतो, काय घेत नाही हे जाहीर लिहून ठेवलं. तज्ज्ञपण पदवीतून येतं तसं उभं राहण्याच्या जागेतूनही येतं. तुमची जागा काउंटरच्या आतल्या बाजूची आहे. ती झाकायला तुम्ही भिंतीला रंग द्यायला निघालात!

एक सावधगिरी मात्र याच जागेची. तुम्ही लिहिता की दिवसाला बारा-पंधरा फोन हाताखालून जातात. वर्षाचे साडेतीन-चार हजार झाले. आजपासून वही घाला: मॉडेल, फोन किती जुना, काय बिघडलं, फोल्डर (काचेसकट डिस्प्ले) ओरिजिनल मिळाला की कॉपी, गिऱ्हाइकाने किती मोजले. सहा महिन्यांत तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे कुठल्याही लॉन्चला हजर राहून मिळत नाही. पण त्या वहीवरून ‘अमुक कंपनीचे फोन सर्वांत जास्त बिघडतात’ असं म्हणायला जाऊ नका. जो फोन जास्त खपतो तो दुकानात जास्तच येणार. किती विकले गेले हे माहीत नसताना किती बिघडले याला अर्थ नाही. शिवाय धड चाललेला फोन तुमच्याकडे कशाला येईल? दवाखान्यात बसून सगळं गाव आजारी दिसतं. वही काय सांगू शकते, तर या फोनचा डिस्प्ले फुटला तर किती खर्च येतो, सुटा भाग चार वर्षांनी मिळतो का, बॅटरी बदलायला मागची काच फोडावी लागते का. हे आकडे पक्के. आणि घेणाऱ्याला हेच कोणी सांगत नाही.

गिऱ्हाइकाचं नाव, फोटो, स्क्रीनवर आलेला मेसेज, यातलं काहीही कॅमेऱ्यात येता कामा नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते. लोक फोनबरोबर घरच तुमच्या हातात देतात. आणि शेठची परवानगी घ्या, आधी.

माझी एक जुनी गोष्ट सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी एका दैनिकात अशाच वस्तूंवर लिहायची. एका कंपनीने इंकजेट प्रिंटर वापरून बघायला दिला. स्वस्त, सुबक, फोटो तर दृष्ट लागावी असे. मी तीन आठवडे वापरला, भरभरून लिहिलं, प्रिंटर परत केला आणि विसरले. आठ-नऊ महिन्यांनी गिरगावातले एक निवृत्त शिक्षक कचेरीत आले. क्लासच्या मुलांना प्रश्नपत्रिका काढून द्यायचे. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन रिकामी कार्ट्रिज काढली आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडली. म्हणाले, ‘बाई, प्रिंटर तुम्ही सांगितलात. ही नाही सांगितलीत.’ एकेका कार्ट्रिजची किंमत प्रिंटरच्या निम्म्याच्या आसपास, आणि सुट्टीत महिनाभर वापरला नाही तर शाई वाळून जायची.

मी काही खोटं लिहिलं नव्हतं. पैसेही घेतले नव्हते. फक्त तीन आठवड्यांत शाई संपली नव्हती.

पुढच्याच सदरात मी ते जसंच्या तसं लिहिलं, मास्तरांच्या परवानगीने. संपादकांना वाटलं होतं की लोक हसतील. त्या आठवड्यात जितकी पत्रं आली तितकी कौतुकाच्या लेखाला कधी आली नव्हती. तेव्हापासून एक नियम केला, आणि तो तुम्हाला जसाच्या तसा देते: ज्या वस्तूबद्दल बोललात तिच्याकडे सहा महिन्यांनी परत जायचं. तारीख लिहून ठेवायची. ‘मी मार्चमध्ये हे चांगलं म्हटलं होतं, आता बॅटरी दुपारी दोनला संपते’ असा तीन मिनिटांचा व्हिडिओ. व्ह्यूज कमी येतील. पण वर्षभराने कोणी तुमचं नाव घेईल तेव्हा ‘तो मागचं लक्षात ठेवतो’ असं म्हणेल.

आणि यासाठी फोन विकतच घ्यावा लागतो, निदान काही. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे ग्राहकांसाठीचं मासिक १९३६ पासून चाचणीच्या वस्तू बाजारातून विकत घेतं, कंपनीकडून मागवत नाही. कंपनी जो नग पाठवेल तो निवडूनच पाठवेल, हे उघड आहे. तुम्हाला एवढं परवडणार नाही. पण वर्षाला दोन-तीन फोन, तेही पंधरा-वीस हजारांतले, कारण तुमचा प्रेक्षक तेच घेतो. सहा महिन्यांनी विकलात तर जो पैसा बुडेल ती परीक्षेची फी समजा.

आता तुमच्या पत्नीची कसोटी. ‘आईला घेऊन देशील तोच सांग.’ मला त्या माउलीचं कौतुक आहे, आणि शंभरातल्या नव्वद यूट्यूबवाल्यांना एवढी कसोटीही पुरे होईल. पण तुमच्या बाबतीत ती कमी पडते. तुमच्या आईचा फोन बिघडला तर मुलगा रात्री जेवण झाल्यावर फुकटात दुरुस्त करून देतो. परभणीच्या प्रेक्षकाचा मुलगा लॅमिंग्टन रोडला नाही. त्याला सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, सुटा भाग तिथे यायला किती दिवस लागतात, हे तुमच्या आईला कधीच न पडणारे प्रश्न आहेत.

‘डोळे झाकून विश्वास’ या शब्दांशी माझं खरं भांडण आहे. लोकांनी डोळे झाकलेले बाजाराला हवेच असतात. तुम्ही ते उघडायला आलात ना? एक उदाहरण फोनच्या बाहेरचं देते, कारण चार ठिकाणी बोलायला लागलात की लोक तुम्हाला फोनपुरतं थोडंच सोडणार आहेत. कूलर, सीसीटीव्ही, वॉटर प्युरिफायर, सगळं विचारतील.

सोसायटीत प्युरिफायर विकायला येणारा माणूस बऱ्याचदा एक खेळ करतो. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या आरओ मशीनचं. दोन्हींत तो लोखंडी कांड्या असलेलं छोटं यंत्र बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ, तपकिरी होतं. आरओचं स्वच्छ राहतं. घरातली बाई घाबरते: हे आम्ही रोज पितो? प्रत्यक्षात ती घाण पाण्यातली नसतेच, कांडीचं लोखंड झिजून उतरलेलं असतं. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, एवढंच. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. मी हे आमच्याच सोसायटीत एकाला करायला लावलं. तो कांड्या पुसत पुसत निघून गेला. वर ही माहिती द्यायची, की भातसा, वैतरणा, तानसाकडून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यातले क्षार मुळातच कमी असतात, आणि पाचशे टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) खाली आरओ नको असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं. मात्र टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. गच्चीवरची टाकी वर्षभर धुतली नसेल तर उकळा किंवा जंतू मारणारा यूव्ही दिवा बसवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, आधी तपासून घ्या.

बघा, यात प्रेक्षकाला माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडली नाही. त्याच्या स्वयंपाकघरात मीठ आहे.

मुंबईत हे काम नवं नाही. १९६६ मध्ये इथे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी राहिली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत. त्यांचे कार्यकर्ते आजही तक्रारी कशा लिहायच्या हे शिकवतात. एखाद्या शनिवारी जाऊन मागे बसा, लोक कशावर रडतात ते ऐका. व्हिडिओचे वर्षभराचे विषय मिळतील.

एजन्सीकडे येते. एक लाख साठ हजार म्हणजे तुमच्या घराचे जवळजवळ सात हप्ते. ‘तत्त्वासाठी लाथ मारा’ असं मी घरबसल्या लिहिणं सोपं आहे, म्हणून तसं लिहिणार नाही. जाहिरात करणं हे पाप नाही. वर्तमानपत्रं त्यावरच चालतात. गडबड आहे ती शेवटच्या अटीत. ‘जाहिरात लिहू नका, आभार माना.’ ही अट बेकायदा आहे. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले ते २०२१ मध्ये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली: पैसे, फुकट वस्तू, सहल, हॉटेल, सवलत, नातं, नोकरी, जो काही लागाबांधा असेल तो स्पष्ट सांगायचा, व्हिडिओत लिहूनही आणि बोलूनही, आणि ज्या भाषेत व्हिडिओ त्याच भाषेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सामील झालेल्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि जाहिराती करण्यावर वर्षभराची बंदीही घालता येते. दावा खरा आहे का याची नीट शहानिशा केली होती हे दाखवता आलं तर सुटका आहे. कागद जपून ठेवायचे ते यासाठी. कागदावर नाव तुमचं असणार, एजन्सीच्या त्या गोड बोलणाऱ्या मुलीचं नाही.

त्या यादीतल्या ‘नोकरी’ या शब्दाकडे पुन्हा बघा. उद्या तुम्ही व्हिडिओत म्हणालात की बॅटरी अमुक दुकानातून बदलून घ्या, आणि ते तुमचंच दुकान निघालं, तर तेही सांगायला हवं. दुकान लपवण्याचा हा आणखी एक तोटा. खरेदीच्या लिंकवर कमिशन मिळत असेल तर तेही.

ठेवून घेतलेल्या फोनवर करही आहे: जुलै २०२२ पासून, वर्षाला वीस हजारांच्या वरच्या अशा फुकट लाभावर दहा टक्के कर कापला जातो, आणि ती किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते. फोन परत केला तर तो लाभ धरत नाहीत. एखाद्या सीएकडे तासभर बसा, पैसे वसूल होतील.

मी असं करीन. एजन्सीला दोन ओळी लिहीन: ‘फोन चाचणीनंतर परत करीन. व्हिडिओवर सुरुवातीलाच “सशुल्क जाहिरात” असं लिहीन आणि बोलीन. तांत्रिक माहिती चुकली असेल तर ती दुरुस्त करा, मताला हात लावू नका.’ बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आलं, आणि ते म्हणाले की लेबल चालेल पण मत आमचं, तर ती सरळ जाहिरात झाली. करायचीच तर जाहिरात म्हणून एक करा, चार नको, आणि त्या कंपनीच्या वस्तूंची परीक्षा वर्षभर करू नका. तिसरा मार्ग नकाराचा. तुमच्या जागी मी असते तर यावेळी नकार दिला असता, कारण पहिल्याच भेटीत जो लपवायला सांगतो तो पुढे काय सांगेल याचा भरवसा नाही. पण हप्ता तुमच्या खात्यातून जातो, माझ्या नाही. तुम्ही दोघं बसून ठरवा.

टीव्हीचं. उपग्रहावर काहीबाही बोललात हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, यातच आशा आहे. पट्टीवर ‘तंत्रज्ञान तज्ज्ञ’ लिहिणाऱ्या मुलाला संध्याकाळी साडेसातला रिकामी खुर्ची भरायची असते. त्याच्यावर राग धरू नका. फोन आला की पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा: विषय काय, आणि माझ्याकडून काय हवंय? बाहेरचा असेल तर ‘हा माझा विषय नाही, पण अमक्यांना विचारा’ म्हणून एक नंबर द्यायचा. चार-पाच खरे जाणकार गाठीशी ठेवा, त्यांना विचारून. पाहुणे जमवणाऱ्याला हे फार लक्षात राहतं. पुढच्या वेळी तुमच्या विषयाला तो तुम्हालाच फोन करतो. पट्टीसाठी शब्दही तुम्हीच द्या: ‘मोबाइल दुरुस्ती तंत्रज्ञ व अभ्यासक’. मानधनाची आशा ठेवू नका, बहुतेक चर्चांना ते नसतंच.

आणि तिथे बोलायला मिळणाऱ्या चाळीस सेकंदांत उपयोगाचं एक वाक्य पेरायची सवय लावा. ऑनलाइन पैसे गेले तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तो बंद पाडता येतो. जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा, तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा, केवायएम आणि पुढे तो नंबर असा मेसेज १४४२२ ला पाठवा. वस्तूची तक्रार कोणी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. सूत्रसंचालक ओरडत असताना असं एक वाक्य सांगणाऱ्याची क्लिप घरोघरीच्या व्हॉट्सॲपवर फिरते, वाद घालणाऱ्याची नाही.

भाषा: मराठी. प्रेक्षक कमी, जाहिरातीचे दर कमी, सगळं मान्य. पण वर्तमानपत्र, आकाशवाणी, सह्याद्री, वृत्तवाहिन्या, ज्येष्ठ नागरिक संघ, यातलं कोणी तुम्हाला हिंदीसाठी बोलावणार नाही. कॅमेरा आहे तोच चालेल, माइक चांगला घ्या. भिंतीचं काही विचारू नका.

नोकरी सोडू नका, निदान दीड-दोन वर्षं. यूट्यूबच्या जाहिरातीतून पैसे मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं पाहणं लागतं, ते तुम्ही ओलांडलंत. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याचे. तरी तुम्हीच लिहिता की बऱ्या महिन्यात चार हजार येतात आणि वाईट महिन्यात नऊशे. त्यावर हप्ता चालत नाही. दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे: दुकान सुटलं की वहीही सुटली. मग उरतं ते खोक्याचं प्लास्टिक. शेठकडे आठवड्यातून एक दिवस कमी मागा, तेवढा पगार कमी घेऊन. त्या दिवशी एक व्हिडिओ आणि महिन्यातून एकदा डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी दोन तासांची शिकवणी: पैसे पाठवणं, फसवा कॉल ओळखणं, फोनमधले फोटो जपून ठेवणं. पहिल्या दोन फुकट, तिसरीपासून माणशी शंभर रुपये. हे पैसे यूट्यूबपेक्षा लवकर वाढतील असा माझा अंदाज आहे, आणि तिथे बसलेल्या आजोबांचा मुलगा कुठल्या ना कुठल्या बँकेत नाहीतर कंपनीत असतोच, तो पुढे कार्यशाळेला बोलावतो. एखाद्या पुरवणीच्या संपादकाला तीनशे शब्दांचे चार नमुने पाठवा. पहिला तांदळाच्या दाण्यावर लिहा, आणि जून उजाडायच्या आत पाठवा; पावसाळ्याची पुरवणी मे महिन्यातच लागते.

आठ महिन्यांचे हप्ते बँकेत बाजूला पडले आणि या चार-पाच वाटांनी मिळून पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम सलग सहा महिने आली, की मला पुन्हा लिहा. तेव्हा सोडायचं की नाही यावर बोलू.

ता. क. शेवटी तुम्ही विचारलंत, मी कोणता फोन वापरते. चार वर्षांचा आहे, आणि चार्जरची पिन जरा डावीकडे दाबून धरावी लागते. दुकानाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. नाहीतर शनिवारी ग्रँट रोडला उतरून आलेच असते. चार्जिंग स्ट्रिप बदलायचे किती घेता, तेवढं कळवा.